चार ओळींचा रिव्ह्यू नेमका कोणासाठी?

उदगीरच्या एका शिक्षिका ताईंनी मला विचारलं आहे: "दुकानातून, हॉटेलातून, दवाखान्यातून बाहेर पडलं की मोबाइल विचारतो, कसं वाटलं, रिव्ह्यू लिहा. लिहून पैसे मिळत नाहीत, फायदा होतो तो कंपनीला. त्यात आमच्याकडे सगळे ओळखीचे. खरं लिहिलं तर उद्या त्याच दुकानात कोणत्या तोंडाने जायचं? तुम्ही इतकी वर्षं लिहिताय. यातून होतं काय, आणि लिहायचंच ठरवलं तर कसं लिहावं?"

ताई, मी औषध कंपनीत एमआर आहे, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीच्या औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी. वीस-बावीस वर्षं सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात फिरतोय. महिन्यातले दहा-बारा दिवस लॉजवर झोपायचं, खानावळीत जेवायचं, कुठे गाडी पंक्चर झाली तर अनोळखी गावात माणूस शोधायचा, हे माझं आयुष्य. नऊ वर्षांत हजारावर रिव्ह्यू लिहून झाले असतील. पण लिहायला लागलो ते फिरतीमुळे नाही, आईच्या आजारपणामुळे.

२०१६ साली आईला घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलला जावं लागलं. मिरजेहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो, सकाळी दादरला उतरलो. तपासण्या झाल्यावर कळलं की उपचारांसाठी पाच-सहा आठवडे राहावं लागेल. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नाव घातलं, पण नंबर लागायला वेळ होता. तोवर खोली हवी होती आणि मुंबईत आमचं कोणी नव्हतं. फुटपाथवर बसून मोबाइलवर आसपासचे लॉज बघत होतो. बहुतेकांखाली "छान", "गुड", "ठीक" एवढंच. आईचे गुडघे गेलेले, तिला उकिडवं बसता येत नव्हतं. "छान" वाचून मला काय कळणार?

एका ठिकाणी मात्र कोणीतरी चार ओळी लिहिल्या होत्या. पेशंटला घेऊन वीस दिवस राहिलो. लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते, तिसऱ्यावर खोली घेऊ नका. कमोड आहे, पण फक्त रस्त्याकडच्या खोल्यांना. खालचा चहावाला पहाटे पाचला थर्मास भरून गरम पाणी देतो. बस. लिहिणाऱ्याचं नाव अर्धवट होतं, फोटो नव्हता. आम्ही तिथे गेलो आणि रस्त्याकडचीच खोली मागितली. पहिल्या पहाटे थर्मास घेऊन खाली उतरलो, तर चहावाला खरोखर पाण्याचं पातेलं चढवून बसला होता. त्या माणसाचे आभार मानायला मला आजही तो सापडलेला नाही. त्याचा पेशंट बरा झाला का, तेही माहीत नाही. आई पुढे चार वर्षं होती.

तुमच्या "यातून होतं काय" या प्रश्नाला माझ्याकडे हे उत्तर आहे. रिव्ह्यू दुकानदारासाठी नसतो आणि कंपनीसाठीही नसतो. पिशवी घेऊन एसटीतून उतरलेल्या आणि गावात एकही ओळख नसलेल्या माणसासाठी तो असतो. ज्याची ओळख असते तो फोन करून विचारतो, "अरे, तुमच्याकडे चांगला हाडांचा डॉक्टर कोण?" ओळख नसलेल्याने विचारायचं कोणाला?

पैशांचं बोलून टाकतो, कारण त्यात एक धोका आहे आणि तो सांगायला हवा. गूगल मॅप्सवर रिव्ह्यू लिहिणाऱ्यांसाठी २०१५ पासून 'लोकल गाइड्स' नावाची योजना आहे. एका रिव्ह्यूला १० गुण, २०० अक्षरांपेक्षा मोठा असेल तर आणखी १०, फोटोला ५, नकाशावर नसलेलं ठिकाण घातलं तर १५. गुणांनुसार पायऱ्या चढत जातात, एकूण १०. पण या गुणांचे रुपये होत नाहीत. नकाशावरच्या जाहिरातींतून कंपनी कमावते आणि आपल्या लिखाणाने तो नकाशा भरतो, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. मी ते मान्य करून लिहितो, कारण मला हवा असलेला वाचक आज तिथेच शोधतो.

आता धोका. "घरबसल्या गूगल रिव्ह्यू द्या, एका रिव्ह्यूचे दीडशे रुपये" असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आणि टेलिग्रामवर येतात. पहिले दोन-तीन वेळा पैसे खरंच खात्यात जमा होतात. मग "प्रीपेड टास्क" म्हणून तुम्हालाच आधी पैसे भरायला सांगतात, आणि पुढे माणूस लाखांत बुडतो. माझ्या ओळखीत हे घडलंय, आणि तो शिकलेला मुलगा होता. रिव्ह्यूचे पैसे देतो म्हणणारा प्रत्येक मेसेज फसवणूक समजा. कोणी अडकलंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

आता तुमच्या-माझ्यासारख्या गावांत याला जास्त किंमत का, ते सांगतो. मिरजेचं घ्या. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. आजही सोलापूरकडून, कोकणातून, पार विजापूर-बेळगावाकडून लोक पेशंट घेऊन येतात. डॉक्टर कोण, हे त्यांना गावाकडच्या डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिलेलं असतं. पण नातेवाइकांनी झोपायचं कुठे, पेशंटला मऊ भात कोण करून देईल, रात्री दोनला उघडं असणारं मेडिकल कुठलं, हे चिठ्ठीवर नसतं. मी मिरजेत लिहायला सुरुवात केली ती नेमक्या या गोष्टींपासून.

दवाखान्यांच्या गल्लीत एक बाई घरातून डबे द्यायच्या. पाटी नाही, काही नाही. बिनतिखटाची भाजी, मुगाची पातळ खिचडी, मीठ कमी सांगितलं तर कमी. मी त्यांचं ठिकाण नकाशावर घातलं, चार कौतुकाच्या ओळी लिहिल्या आणि फोन नंबरही टाकला. सगळं चांगल्या मनाने केलं होतं. दीड महिन्याने गेलो तर त्या म्हणाल्या, "दादा, तेवढा नंबर काढा हो. रात्री अकरापर्यंत फोन येतात, पोरीचा अभ्यास होत नाही." मी त्यांना विचारलंच नव्हतं! घरातून चालणाऱ्या धंद्याचं ठिकाण नकाशावर घालणं म्हणजे त्यांच्या घराचा पत्ता जगाला देणं, हे मला तेव्हा कळलं. नंतर त्यांच्या मुलीनेच वेळा ठरवल्या आणि वेगळं सिम घेतलं, मग तो नंबर परत टाकला. शिवणकाम, पापड, डबे, पार्लर असं काही घरातून चालत असेल तर आधी परवानगी घ्या. नाही म्हणाले तर नाही.

असल्या छोट्या ठिकाणी तुमच्या चार ओळी किती वजन धरतात, याचा एक नीट केलेला अभ्यास आहे. हार्वर्डचे मायकल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमधल्या रेस्टॉरंटांची सरकारदरबारी नोंदलेली विक्री आणि येल्प या रिव्ह्यूच्या साइटवरचे स्टार ताडून पाहिले. एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, असं त्यांना आढळलं. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. हा परिणाम स्वतंत्र, एकट्या-दुकट्या रेस्टॉरंटांवर होता. गावोगावी शाखा असणाऱ्या मोठ्या साखळ्यांवर तो दिसला नाही. कारण उघड आहे. साखळीत काय मिळणार हे आत जाण्याआधीच ठाऊक असतं, रिव्ह्यू वाचून नवं काही कळत नाही. गल्लीतल्या खानावळीबद्दल मात्र बाहेरच्याला काहीच माहीत नसतं. म्हणून माझा स्वतःचा नियम असा की मोठ्या शोरूमला, मॉलला, साखळी हॉटेलाला मी सहसा लिहीत नाही. त्यांच्याकडे जाहिरातीला पैसे आहेत. माझा वेळ गिरणीला, टेलरला, पंक्चरवाल्याला, लॉजला, खानावळीला.

वजनाची दुसरी बाजूही बघा. एखाद्या पंक्चरवाल्याला चार रिव्ह्यू आहेत, चारही पाच स्टारचे. तुम्ही रागाने एक स्टार दिलात की त्याची सरासरी पाचावरून थेट ४.२ वर येते. चारशे रिव्ह्यू असलेल्या आणि ४.५ वर असलेल्या हॉटेलाला तोच एक स्टार दिला तर ४.४९. तिकडे कोणाला कळतही नाही, इकडे त्या माणसाचं महिन्याचं गिऱ्हाईक हलतं.

हे मी चूक करून शिकलो. एका तालुक्याच्या गावी पावसाळ्यात भिजून लॉजवर पोहोचलो, रात्री नऊला नळाला गार पाणी. चिडून तिथल्या तिथे एक स्टार दिला आणि "गरम पाणी नाही" असं लिहून झोपलो. त्या लॉजला माझ्याआधी पाचच रिव्ह्यू होते. सकाळी मॅनेजरने काउंटरमागची पाटी दाखवली: गरम पाणी सकाळी ६ ते ९. आणि म्हणाला, "साहेब, रात्री बेल मारली असती तर बादली दिली असती." मी पायरीवर बसूनच रिव्ह्यू बदलला. गरम पाणी सकाळी ६ ते ९, रात्री हवं असेल तर काउंटरला सांगावं लागतं, असं लिहिलं आणि चार स्टार केले. त्या दुसऱ्या ओळीचा पुढच्या माणसाला उपयोग होता. पहिली ओळ म्हणजे फक्त माझा राग होता. तेव्हापासून वाईट अनुभव त्याच दिवशी लिहीत नाही. एक रात्र जाऊ देतो, आणि आधी तोंडावर सांगतो.

इथे तुमच्या खऱ्या अडचणीकडे येऊ. भीड. आपल्याकडे "भीड भिकेची बहीण" म्हणतात, तरी ती सुटत नाही, आणि सगळीच सुटावी असंही मला वाटत नाही. रोज ज्याचं तोंड बघायचं त्याच्याशी संबंध राखणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण एक भेद करा. "याच्याकडे जाऊ नका" हा निवाडा झाला. "ब्लाउज सांगितलेल्या तारखेपेक्षा चार दिवस उशिरा मिळाला, शिलाई पक्की आहे, लग्नसराईत पंधरा दिवस आधी टाका" ही माहिती झाली. निवाड्याने माणूस दुखावतो. माहितीने सहसा दुखावत नाही, कारण ती त्याला स्वतःलाही ठाऊक असते. आमच्या टेलरनेच मला सांगितलं होतं, "लिहा की, उशीर होतो ते. पोरगा गावाला गेलाय, एकट्याने किती ओढू?" मी तेही लिहिलं. लोकांनी समजून घेतलं.

ओळखीच्या माणसाबद्दल लिहिताना मी आधी त्याला सांगतो की अमुक अमुक लिहिणार आहे. त्याने ते सुधारलं तर मग लिहायची गरजच उरत नाही, आणि ते सगळ्यांत चांगलं. सख्ख्या नातेवाइकाच्या किंवा जिवलग मित्राच्या दुकानाला मात्र लिहितच नाही, चांगलंही नाही. आपला हात तिथे मोकळा नसतो. स्वतःच्या धंद्याला किंवा स्पर्धकाच्या धंद्याला रिव्ह्यू लिहायला तर गूगलच्या नियमांतच मनाई आहे.

आणि जिथे माहिती देऊन भागत नाही तिथे काय करायचं? अन्नात झुरळ निघालं, भेसळ वाटली, बिलात लबाडी झाली, पैसे परत देत नाहीत. ताई, रिव्ह्यू म्हणजे तक्रार अर्ज नव्हे. अन्नाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. हॉटेलच्या बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तो तक्रारीत घालायचा. ग्राहक म्हणून फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. रिव्ह्यूची धमकी दाखवून पैसे परत मिळवू नका, ते मला साफ चुकीचं वाटतं. आधी अर्ज करा. रिव्ह्यू लिहायचाच तर काय झालं ते लिहा: तारीख, काय मागवलं, काय मिळालं, सांगितल्यावर ते काय म्हणाले. "चोर", "लुटारू", "भामटा" असले शब्द घालू नका. बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य आणि सद्भावनेने व्यक्त केलेलं मत यांना त्यात अपवाद आहेत. म्हणजे पाहिलेलं आणि सिद्ध करता येईल तेवढंच लिहिलं आणि बिल जपून ठेवलं, की बऱ्यापैकी निर्धास्त राहता येतं. ऐकीव गोष्ट तर मुळीच लिहू नये.

डॉक्टरांबद्दल मी फार जपून लिहितो, माझ्या व्यवसायामुळे तर औषधोपचारांबद्दल अजिबात नाही. उपचार बरोबर होता की चूक, हे पेशंटच्या मुलाला ठरवता येत नाही. पण नंबर कसा लावतात, सरासरी किती थांबावं लागतं, व्हीलचेअर आत जाते का, रिपोर्ट मराठीत समजावून सांगतात का, पैसे रोखच लागतात की यूपीआय चालतं, हे प्रत्येकाला दिसतं आणि हेच कोणी लिहीत नाही. फोटो टाकताना रांगेतले पेशंट, कोणाची फाइल, बिलावरचं नाव, गाडीचा नंबर यातलं काही येऊ देऊ नका.

लिहायचं काय, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. आत जाण्याआधी तुम्हाला जे माहीत नव्हतं आणि बाहेर पडताना माहीत झालं, ते लिहायचं. खानावळीचं लिहिताना मी चवीला एकच वाक्य देतो, चव ज्याची त्याची. पण भाकरी ज्वारीची की बाजरीची, ताट भरपेट की ठरावीक, दुपारी किती वाजता संपतं, बायकांना एकटीने बसायला संकोच वाटेल का, हात धुवायची जागा आणि शौचालय कसं आहे, हे घालतो. बायकांना याचा किती उपयोग होतो ते मला माझ्या बायकोने सांगितलं. माझ्या सुरुवातीच्या शंभर-दोनशे रिव्ह्यूंत शौचालयाचा शब्दही नव्हता. गॅरेज असेल तर जुना पार्ट परत देतो का, आधी खर्च सांगतो का. गिरणी असेल तर गव्हाशिवाय काय दळतो, ज्वारीचा घाणा वेगळ्या दिवशी असतो का, वीज जाते त्या दिवशी काय. पत्ता सांगताना "एसटी स्टँडच्या मागच्या गेटने बाहेर पडून डावीकडे, रसवंतीच्या शेजारी" असं लिहा. नकाशावरची टाचणी कित्येकदा मागच्या गल्लीत पडलेली असते.

स्टारांबद्दल मी स्वतःला त्रास करून घेणं सोडलंय. माझ्या हिशेबाने तीन स्टार म्हणजे "अपेक्षेप्रमाणे", पण आपल्याकडे तीन दिले की दुकानदाराला अपमान वाटतो. म्हणून समाधान झालं असेल तर चार, काही विशेष असेल तर पाच, आणि बाकी सगळं शब्दांत.

खोट्या रिव्ह्यूंचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचार आला असेलच. ते भरपूर आहेत. काउंटरवर "पाच स्टार द्या, दहा टक्के सूट मिळवा" अशी पाटी दिसली तर लक्षात घ्या, सूट देऊन रिव्ह्यू घेणं नियमात बसत नाही. मी नम्रपणे नाही म्हणतो. आपल्या मानक संस्थेने, बीआयएसने, नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत यासाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकण्या-घेण्यावर थेट बंदीचा नियम लागू आहे. मला मात्र अनुभवाने असं वाटतं की खोट्याला सगळ्यांत आधी उघडं पाडतो तो तपशील. आठवड्यात तीस पाच-स्टार आले, सगळ्यांत "उत्तम सेवा, नम्र कर्मचारी", आणि लिहिणाऱ्याने त्याच दिवशी जयपूर, सुरत आणि सांगलीतही लिहिलंय, तर ते विकत घेतलेलं. "मागच्या बाकावर पंखा लागत नाही" असलं वाक्य पैसे घेऊन कोणी लिहीत नाही.

एक प्रकार राहिला, आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: उशिरा लिहिलेला रिव्ह्यू. कोल्हापुरी चपलेचं उदाहरण देतो. तिला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. पण दुकानात मांडलेली चप्पल खरी कातड्याची, हाताने शिवलेली आहे की रेक्झिनची चिकटवलेली, हे बाहेरगावच्या माणसाला हातात घेऊनही कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं, पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गिऱ्हाइकाला चांगलं-वाईट ओळखता आलं नाही तर तो सगळ्यालाच मधली किंमत देतो, मग चांगल्या मालाला ती परवडत नाही आणि चांगला माल बाजारातून उठतो. खऱ्या कारागिराचं आज नेमकं हेच होतंय. तो दोन हजार सांगतो, शेजारी तशीच दिसणारी सहाशेला मिळते.

घेतल्या दिवशी लिहिलेल्या रिव्ह्यूने हे सुटत नाही. म्हणून मी चप्पल घेतली की लिहीत नाही, मोबाइलवर सहा महिन्यांनंतरची आठवण लावतो. मग लिहितो: एक पावसाळा गेला (पावसात घातली नाही), तळ उकलला नाही, अंगठा पहिले दहा दिवस टोचला, खोबरेल लावल्यावर मऊ झाला, एक वेणी सुटली ती त्याने फुकट शिवून दिली. एका कारागिराला यातून पुण्याहून दोन ऑर्डर आल्या, असं त्याने मला सांगितलं. संख्या लहान आहे. पण त्या गिऱ्हाइकांनी सहाशेवाली चप्पल सोडून त्याच्याकडे फोन केला होता. जे वापरल्यावरच कळतं, ते सगळं असं उशिरा लिहावं: गादी, मिक्सरची दुरुस्ती, दाताची कवळी, घराचं वॉटरप्रूफिंग. आणि आधी चांगलं लिहिलेलं पुढे बिघडलं तर जुना रिव्ह्यू उघडून बदलता येतो. मालक बदलला, आचारी बदलला की मी बदलतो. बंद झालेलं दुकान "कायमचं बंद" म्हणून कळवणं हेही तितकंच कामाचं. आजारी माणसाला घेऊन बंद दारापाशी पोहोचणं काय असतं, ते मी पाहिलंय.

भाषेचा प्रश्न मला हल्ली बरेच जण विचारतात. मराठीतच लिहा. इंग्रजीत आपण "गुड फूड, नाइस सर्व्हिस" यापुढे जात नाही, मराठीत आपोआप "आमटीला गूळ जास्त" असं लिहितो. ज्याला मराठी येत नाही त्याला मोबाइल भाषांतर करून दाखवतो. मिरजेच्या लॉजखालचा माझा मराठी रिव्ह्यू कन्नडमध्ये वाचून आलेली माणसं मला भेटली आहेत. भाषांतर थोडं वेडंवाकडं होतं, म्हणून वाक्यं लहान ठेवा. टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलून लिहा, मराठी बोललेलं आता चांगलं उमटतं. फक्त पाठवण्याआधी एकदा वाचा.

बाईमाणसांसाठी एक सांगतो, कारण तुम्ही एकट्या प्रवास करत असाल. जिथे मुक्काम आहे तिथूनच त्या लॉजचा रिव्ह्यू टाकू नका, घरी पोहोचल्यावर टाका. तुमचं नाव त्यावर दिसतं. आणि रोजच्या गल्लीतलं दूध, किराणा, क्लास, जिम असं सगळं एकाच नावाने लिहिलं तर तुम्ही कुठे राहता हे कोणालाही काढता येतं. थोडं वगळा.

सुरुवात कुठून करायची? उदगीरला बाहेरून कोण येतं, याचा विचार करा. परीक्षेला आलेली मुलं, कॉलेजात नव्याने दाखल झालेली पोरं, बदलीवर आलेले तुमच्यासारखे शिक्षक, दवाखान्यात आलेले आसपासच्या खेड्यांतले लोक. तुम्ही नव्याने रुजू झालात तेव्हा पहिल्या आठवड्यात काय शोधत होतात, ते आठवा. मेस? खोली? झेरॉक्स? ते तुम्हाला शेवटी कोणी सांगितलं? त्यांनी जे सांगितलं तेच लिहून काढा. एका रविवारी दोन ठिकाणं पुरे. त्यातलं एक नकाशावर नसलेलं निवडा, आणि जाऊन मालकाला विचारा: नाव काय लावू, नंबर टाकू का, सुट्टी कोणत्या वारी असते.